यूएसबी वायफाय अडॅप्टर लावला तर वायफायऐवजी सीडी ड्राइव्ह दिसतो. ड्रायव्हर कुठून घालायचा?

तुमचा अडॅप्टर बहुधा ठणठणीत आहे, तेव्हा म्हापशाच्या दुकानात परत करायची घाई नको. नखाएवढे बिनब्रँडचे बरेच अडॅप्टर विंडोज १० समोर आधी सीडी ड्राइव्ह म्हणूनच उभे राहतात, कारण ड्रायव्हर त्यांच्याच पोटात भरलेला असतो. म्हणजे तुमच्या डेस्कटॉपला सीडी ड्राइव्ह नाही याची काळजी नको. 'धिस पीसी'मध्ये तो ड्राइव्ह उघडून सेटअप चालवा. तरीही रूप बदललं नाही तर राइट क्लिक करून 'इजेक्ट' करा. बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं.

आता 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये '८०२.११एन एनआयसी' असं काही पिवळ्या त्रिकोणासकट दिसलं, तर विंडोजला ड्रायव्हर सापडलेला नाही. इथे लोक डब्यावरचं नाव गूगल करत बसतात. त्याचा उपयोग नाही, खरं काम आतल्या चिपच्या नंबराचं. प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज असं जा आणि व्हीआयडी (कंपनीचा नंबर) व पीआयडी (उपकरणाचा नंबर) हे दोन्ही टिपून घ्या. व्हीआयडी ०बीडीए म्हणजे चिप रिअलटेक कंपनीची. त्यापुढे ८१७९ असेल तर आरटीएल८१८८ईयू. १४८एफ आणि ७६०१ असेल तर मीडियाटेकची एमटी७६०१यू. नावाजलेल्या कंपन्यांतही हा घोळ असतो: टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या एकाच मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसरीपासून रिअलटेकची. एकीचा ड्रायव्हर दुसरीला चालत नाही.

ड्रायव्हरसाठी नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर! यावर मी गिऱ्हाइकांकडे सरळ अँड्रॉइड फोन केबलने जोडतो आणि 'यूएसबी टेदरिंग' चालू करतो, म्हणजे फोनचं नेट केबलमधून पीसीला मिळतं. विंडोज १० त्याला वेगळं काही मागत नाही. मग विंडोज अपडेटच्या 'ऑप्शनल अपडेट्स'मध्ये बघा, बहुतेक वेळा ड्रायव्हर तिथेच मिळतो. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' देणाऱ्या साइट्सच्या वाटेला जाऊ नका. ड्रायव्हरसोबत पीसीत आणखी काय काय घुसतं, ते उपसायलाच मग लोक माझ्याकडे येतात.

वायफाय लागून मधेच तुटत असेल तर अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट'खालची वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची टिक काढा. अडॅप्टर निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये असेल तर तिथूनही काढा, कारण त्या पोर्टच्या विद्युत गोंगाटाने २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल बिघडतो. मागचा काळा पोर्ट किंवा हातभर एक्स्टेन्शन केबल बरी.

राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नाव यादीत दिसलं नाही तर ड्रायव्हरला दोष देऊ नका. वर सांगितलेल्या आरटीएल८१८८ईयू आणि एमटी७६०१यू या दोन्ही चिपा फक्त २.४ वर चालतात. फोंड्यातलं जुनं चिऱ्यांचं घर असेल तर तसंही ५ चा सिग्नल दोन भिंतींपलीकडे फारसा पोचत नाही, तेव्हा राउटरमध्ये २.४ चालू आहे एवढंच बघा.