कुऱ्हाड लावण्याआधी

प्रश्न : जुळे सोलापुरात आमचं बैठं घर आहे. भिंतीपासून आठ फुटांवर कडुनिंब आहे आणि भिंतीला तडा गेलाय. गवंडी म्हणतो, मुळांनी पाया उचलला. झाड काढावं का?

उत्तर : एवढ्यात नको. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून शेजारी तारीख लिहा. मे महिन्यात तड्यात रुपयाचं नाणं जातंय आणि श्रावणात कागदही जात नाही, असं दिसलं तर खेळ काळ्या मातीचा आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि पाया तिच्यासोबत हलतो. झाड मातीतलं पाणी ओढून त्यात भर घालतं, हे खरं. पण मोठं झाड एकदम काढलं की ते ओढत असलेलं पाणी मातीतच राहतं, माती फुगते आणि नवे तडे जाऊ शकतात. म्हणून आधी पागोळ्या कुठे पडतात, ड्रेनेजचा पाइप गळतोय का, ते पाहा. माझ्या पाहण्यात गळका पाइपच जास्त वेळा दोषी निघालाय. मग स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. गवंड्याच्या शब्दावर झाड तोडू नका.

प्रश्न : झाड माझ्या आवारातलं, माझ्या आईने लावलेलं. तरी परवानगी?

उत्तर : तरीही. शहरी भागातल्या झाडांसाठी राज्याचा 1975 चा कायदा आहे, तो खासगी आवारालाही लागू आहे. महापालिकेच्या उद्यान विभागात वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करा. झाडाचे फोटो जोडा आणि कारण स्पष्ट लिहा. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज धरलं जातं, त्यामुळे आईने ते कधी लावलं हे आठवून ठेवा. आणि बुंध्यात ॲसिड ओतून झाड ‘आपोआप’ वाळवायचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नका. झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं म्हणजे कायद्याने तोडणंच.

प्रश्न : वळवात गुलमोहराची फांदी मोडून विजेच्या तारेवर लोंबतेय.

उत्तर : हात लावू नका, काठीनेसुद्धा नाही. महावितरणला कळवा. लाइन बंद झाल्याशिवाय कोणालाही वर चढू देऊ नका.

प्रश्न : तोडणारा म्हणतो, लाकूड मला द्या, मजुरी नको.

उत्तर : असा माणूस बहुतेकदा वखारीत विकेल तेवढं खोड नेतो. बुडखा आणि फांद्यांचा ढीग तुमच्या दारात राहतो. बुडखा किती खाली कापायचा, पाला कोण उचलणार, टाकी किंवा पत्रा फुटला तर भरपाई कोणाची, हे आधी कागदावर घ्या. वर चढण्यापूर्वी त्याच्यासोबत उभं राहून फांद्यांत घरटं किंवा मोहोळ नाही ना, ते बघा. शेजाऱ्यांना आदल्या संध्याकाळीच सांगा; त्यांची मोटरसायकल नेमकी त्याच फांदीखाली लावलेली असते.