टर्मिनलमधल्या कमांडचा आउटपुट फाइलमध्ये घेतला की '[३१एम', '[०एम' असा कचरा येतो. तो कसा काढायचा?

तो कचरा नाही, रंग आहे. ती फाइल 'कॅट'ला (फाइल दाखवणारी कमांड) मायनस व्ही लावून उघडा. प्रत्येक चौकोनी कंसाच्या आधी '^[' दिसेल. तो एस्केप, आस्की या अक्षरांच्या कोष्टकातला २७ नंबर. एस्केप, कंस, ३१, एम म्हणजे 'इथून लाल', आणि ३१ ऐवजी ० म्हणजे 'पुरे, नेहमीसारखं'. १९७८ च्या व्हीटी१०० या टर्मिनलला रंग नव्हते, पण अधोरेखनाचा हुकूम तो याच बोलीत घ्यायचा.

पुसायच्या आधी रंग आला कुठून ते बघा. 'ग्रेप' (मजकूर शोधणारी कमांड), 'एलएस' (फाइलींची यादी देणारी) यांना कलर ऑटो दिलं, तर समोर टर्मिनल आहे का हे ते आधी तपासतात; फाइल किंवा पाइप (आउटपुट थेट दुसऱ्या कमांडला देणं) असेल तर रंग देत नाहीत. तरीही आला, म्हणजे बहुतेक कुठल्यातरी एलियसमध्ये (कमांडच्या टोपणनावात) किंवा स्क्रिप्टमध्ये 'ऑलवेज' लिहिलंय. तिथे 'ऑटो' करा, निम्म्या वेळा काम तिथेच संपतं.

फाइल आधीच बनली असेल तर 'सेड', म्हणजे मजकूर शोधून बदलणारी कमांड. शोधायचं ते असं: एस्केप, उघडा कंस (त्याआधी बॅकस्लॅश हवाच), मग आकडे आणि अर्धविराम कितीही, शेवटी एम. बदली काहीच नाही. लिनक्सवरच्या सेडला एस्केप 'बॅकस्लॅश एक्स १बी' असा कळतो, मॅकवरच्याला कळेलच असं नाही. तिथे सरळ 'पर्ल' ही स्क्रिप्टची भाषा घ्या.

मी यात एकदा चांगलाच आपटलो. लॉग साफ केला, तरी ओळींच्या शेवटी '(बी' उरलेलं, आणि ओळीच्या शेवटीच जुळवायला सांगितलेला माझा 'ग्रेप' काही शोधेना. अर्धा दिवस पॅटर्नवर डोकं फोडलं. चूक पॅटर्नची नव्हतीच. स्क्रिप्टमध्ये रंग बंद करायला 'टीपुट एसजीआर०' (टर्मिनलला नेहमीसारखं करायला सांगणारी कमांड) होतं. टर्मिनल एक्सटर्मच्या प्रकारचं असेल तर ते एस्केप, गोल कंस, बी असंही पाठवतं. ही कॅरेक्टर सेट (अक्षरांचा संच) बदलायची खूण. तिच्यात ना चौकोनी कंस, ना एम. तिच्यासाठी सेडला वेगळा नियम द्यावा लागला.

प्रोग्रेस बारवाल्या आउटपुटमध्ये ओळ पुसायचा कोड येतो, तो 'के'वर संपतो. म्हणून शेवटी फक्त एम न ठेवता कुठलंही इंग्रजी अक्षर चालेल असं लिहा. विंडोचं शीर्षक बदलणारे कोड मात्र यातूनही निसटतात. त्यांची सुरुवात उलट्या, म्हणजे बंद चौकोनी कंसाने होते.

आणि नुसतं वाचायचंच असेल तर काहीच पुसू नका. 'लेस'ला (फाइल पानापानाने दाखवणारी कमांड) मायनस कॅपिटल आर द्या, रंगासकट नीट दिसतं.