लष्करी डॉक्टरचे आयुष्य कसे असते? मुलाला एएफएमसीत पाठवावे का?

आपला मुलगा बारावीनंतर पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे एएफएमसीत जाऊ इच्छितो, आणि लष्करात गेल्यावर डॉक्टरकी खरोखर करायला मिळते की शिकलेल्या विद्येवर गंज चढतो, असे आपण विचारले आहे. मी त्याच महाविद्यालयात शिकलो आणि निवृत्त होईपर्यंत आर्मी मेडिकल कोअरमध्ये होतो, म्हणून अनुभवावरून लिहितो.

एएफएमसी १९४८ साली स्थापन झाले आणि तेथील एमबीबीएसचा अभ्यासक्रम १९६२ साली सुरू झाला. शिक्षण, निवास आणि भोजन यांचा खर्च सरकार करते, आणि त्या बदल्यात उत्तीर्ण झाल्यावर सैन्यात अधिकारी म्हणून सेवा करण्याचे बंधन असते. काहींना कायम कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची कायम नेमणूक, मिळते, तर बाकीच्यांना सात वर्षांचे अल्पसेवा कमिशन. हे सगळे माहितीपत्रकात सापडते. जे सापडत नाही ते पलटणीत गेल्यावर कळते.

इंटर्नशिप आणि लखनौचे प्राथमिक प्रशिक्षण आटोपले की तरुण कॅप्टनला बहुधा एखाद्या पलटणीचा आरएमओ, म्हणजे रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर, म्हणून धाडले जाते. सात-आठशे धडधाकट माणसे, हाताशी काही नर्सिंग असिस्टंट, एक छोटी एमआय रूम, म्हणजे पलटणीचा दवाखाना, आणि जवळचे रुग्णालय कधी कधी दिवसभराच्या अंतरावर, अशी ती परिस्थिती असते. रुग्णालयात माणूस आजारी पडल्यावर डॉक्टरकडे येतो. इथे मात्र तो आजारीच पडू नये ही डॉक्टरची जबाबदारी असते, आणि त्यासाठी सकाळच्या सिक रिपोर्टइतकेच, म्हणजे आजारी जवानांच्या तपासणीइतकेच, लक्ष लंगरकडे, संडासांकडे, जवानांच्या पायांकडे आणि पाण्याकडे द्यावे लागते. पाण्यात किती ब्लीचिंग पावडर लागेल हे ठरवण्यासाठी हॉरॉक्स पेटी असते: सहा पांढऱ्या कपांत तेच पाणी घ्यायचे, प्रत्येकात ब्लीचिंगच्या द्रावणाचे थेंब चढत्या क्रमाने घालायचे, अर्धा तास थांबायचे आणि मग स्टार्च-आयोडाइड टाकून निळा रंग उठलेला सर्वांत कमी थेंबांचा कप कोणता ते पाहायचे. कॉलेजात हा प्रयोग आम्ही गुणांसाठी केला होता; सीमेवरच्या ओढ्याकाठी त्यावर साऱ्या पलटणीची प्रकृती अवलंबून असते.

उंचीवरच्या ठाण्यांवर ही जबाबदारी आणखी कठोर होते. ९,००० फुटांच्या वर जाणाऱ्या प्रत्येकाला टप्प्याटप्प्याने उंचीची सवय करून द्यावी लागते: १२,००० फुटांपर्यंत ६ दिवस, १५,००० पर्यंत आणखी ४ आणि त्याहून वर पुन्हा ४. हे वेळापत्रक जपले नाही तर काय होते, हे १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात सैन्याने सोसले आहे. त्यानंतर इंदर सिंग आणि त्यांच्या लष्करी सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या निरीक्षणांवर लिहिलेला निबंध १९६९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला, आणि उंचीवरच्या आजारांच्या अभ्यासात त्याचा आजही आधार घेतला जातो. लष्करी डॉक्टर संशोधन करत नाहीत असे कोणी म्हणाले, तर मला याच कामाची आठवण होते.

एका ठाण्यावर साताऱ्याकडचा एक जवान कोरड्या खोकल्याने सिक रिपोर्टला आला आणि ‘काही नाही साहेब, जरा सर्दी आहे,’ म्हणून गोळी घेऊन परत निघाला. त्याची तुकडी दुसऱ्या दिवशी वर चढणार होती आणि त्याला मागे राहायचे नव्हते. बसल्या जागी त्याला धाप लागत होती आणि स्टेथोस्कोप लावताच छातीत बारीक चरचर ऐकू आली, म्हणजे फुप्फुसांत पाणी भरू लागले होते. यावर खरा उपाय खाली उतरवणे हाच. त्या हवामानात हेलिकॉप्टर येणे शक्य नव्हते, म्हणून प्राणवायू देऊन त्याला दाबाच्या पिशवीत, म्हणजे माणूस आत झोपू शकेल अशा हवाबंद पिशवीत, ठेवले. तिच्यात हवेचा दाब वाढतो आणि रोग्याला काही हजार फूट खाली आणल्यासारखा आराम मिळतो, पण हवा खेळती राहावी म्हणून पायपंप अखंड दाबत राहावा लागतो. रात्रभर त्याचेच सोबती आळीपाळीने पंप दाबत होते. सकाळी तो खाली गेला आणि पुढे बरा झाला. त्याच दिवशी मी आणखी दोघांना वर जाण्यास मनाई केली. कमांडिंग ऑफिसर माझ्याहून हुद्द्याने कितीतरी वरचे, त्यांना माणसांची निकड होती, तरी त्यांनी एवढेच म्हटले, ‘डॉक्टर, तुम्ही सांगाल तसे.’ पंचविशीतल्या मुलाच्या शब्दाला इतके वजन मिळते, आणि चुकीच्या शब्दाची किंमतही तितकीच मोठी असते, ही गोष्ट आपल्या मुलाने आधी नीट समजून घ्यावी.

जिनिव्हा करारांनुसार शत्रूचा जखमीही आपल्या जखमीसारखाच उपचारांचा हक्कदार असतो. कोरियाच्या युद्धात गेलेल्या ६० पॅरा फील्ड अँब्युलन्स या भारतीय लष्कराच्या वैद्यकीय पथकाने, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली, सैनिकांबरोबर तेथील नागरिकांवरही उपचार केले. डिसेंबर १९५० मध्ये प्योंगयांग सोडताना या पथकाने आपली वैद्यकीय सामग्री टाकून दिली नाही. एक आगगाडी मिळवून ती सेऊलपर्यंत नेली.

पुढचा प्रवास इतर डॉक्टरांसारखाच, पदव्युत्तर शिक्षणाचा. ते सेवेत राहून एएफएमसीत किंवा मोठ्या लष्करी रुग्णालयांत घेता येते, पण नागरी मित्र एमडी होऊन स्थिरावलेले असताना आपण अजून एखाद्या ठाण्यावर असतो, हे सहन करावे लागते. दर दोन-तीन वर्षांनी बदली होते, मुलांच्या शाळा बदलतात आणि जोडीदाराची नोकरी टिकवणे अवघड जाते. गंजाची आपली भीतीही अगदी निराधार नाही: निष्णात सर्जनला लहान रुग्णालयात काही वर्षे हर्निया आणि अपेंडिक्सवरच काढावी लागतात, हे मी पाहिले आहे आणि मला ते आजही खटकते. दुसऱ्या बाजूला, याच महाविद्यालयातून शिकलेल्या माधुरी कानिटकर बालमूत्रपिंडविकारतज्ज्ञ म्हणून नावाजल्या, लेफ्टनंट जनरल झाल्या आणि नंतर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.

केवळ शिक्षण विनामूल्य आहे म्हणून मुलाला पाठवणार असाल, तर पाठवू नका. बंधपत्र मोडून बाहेर पडायला मोठी रक्कम भरावी लागते आणि मनाविरुद्ध काढलेली सात वर्षे त्याला आणि त्याच्या पलटणीला, दोघांनाही महागात पडतात. त्याची स्वतःची इच्छा असेल तर मात्र अडवू नका. नीटच्या निकालानंतर त्याने एमसीसीच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेशांच्या केंद्रीय समुपदेशन समितीच्या, संकेतस्थळावर एएफएमसीचा पर्याय निवडायचा असतो, आणि पुढे चाचणी, मुलाखत व वैद्यकीय तपासणी असते. या तपासणीत अनेक हुशार मुले बाद होतात, म्हणून त्याचे डोळे, कान आणि वजन आताच तपासून घ्या.