ज्यू धर्मग्रंथ तालमूद ४० दिवसांपर्यंतच्या गर्भाला ‘नुसतं पाणी’ म्हणतो, म्हणून टे-सॅक्स (लहानपणीच जीव घेणारा आनुवंशिक आजार) असलेले आयव्हीएफचे भ्रूण टाकलेले ज्यू धर्मात चालतात, हे खरं का?

चालतात, असं बहुतेक पोसेक (हलाखा, म्हणजे ज्यू धर्मकायदा, त्याचा निवाडा देणारे रब्बी, म्हणजे धर्मगुरू) सांगतात. पण कारण ते नाही, आणि हा फरक पुढे फार महागात पडू शकतो.

‘पाणी’ हे वचन तालमूदच्या येवामोत या भागातलं, पान ६९ब वरचं. तिथे विषय गर्भपाताचा नाहीच. कोहेनाच्या (पुरोहित घराण्यातल्या माणसाच्या) मुलीचा नवरा कोहेन नव्हता आणि तो वारला. आता माहेरी तिने तेरुमा, म्हणजे कोहेनांसाठी काढून ठेवलेलं अन्न, खावं का? तालमूदमधले रब्बी राव हिस्दा म्हणतात, ४० दिवसांपर्यंत खावं. गर्भ असलाच तरी तोवर ते पाणीच. उलट रामबान (रब्बी नाहमानिदेस) यांनी १३ व्या शतकात असं मत नोंदवलंय की, ४० दिवसांच्या आतल्या गर्भाचा जीव वाचवायलाही शब्बाथ (शनिवारच्या विश्रांतीचा नियम) मोडावा.

खरा आधार जागेचा आहे. रब्बी हाइम डेव्हिड हालेवी आणि रब्बी मोर्देखाय एलियाहू यांच्या मते गर्भाशयाबाहेरचं भ्रूण हलाखाच्या दृष्टीने ‘गर्भ’च नव्हे. त्यामुळे ते टाकता येतं. तरी काही पोसेक हाताने नष्ट करू नका, नुसतं सोडून द्या, असं सांगतात. तुमच्या रब्बींचं यावर काय मत आहे ते आधीच विचारा.

आई-वडील दोघेही वाहक (जनुकाची एकच प्रत सदोष असलेले, स्वतः निरोगी) असतील तर ८ भ्रूणांपैकी सरासरी २ बाधित, ४ वाहक आणि २ पूर्ण निर्दोष निघतात. वाहक भ्रूण टाकू नका. त्या बाळाला हा आजार होत नाही.

तपासणीसाठी पाचव्या दिवशी भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून, ज्यातून पुढे वार बनते, साधारण ५ ते १० पेशी काढतात. इतक्या थोड्या डीएनएत जनुकाची एक प्रत वाचायची राहून जाऊ शकते. बाहेरच्या पेशी मिसळल्या तरी निकाल फसतो. म्हणून प्रत्येक स्त्रीबीजात एकच शुक्राणू टोचतात (इक्सी) आणि जनुकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणाही तपासतात. नमुन्यांची अदलाबदल टाळायला जेरुसलेमच्या पुआ (ज्यू धर्मनियमांनुसार वंध्यत्वाच्या उपचारांत मदत करणारी) संस्थेच्या देखरेख करणाऱ्या स्त्रिया प्रयोगशाळेत हजर असतात. ही सोय जरूर मागा.

एवढं करूनही चूक राहू शकते, म्हणून गरोदरपणात वारेची तपासणी सुचवतात. ती लवकरात लवकर दहाव्या आठवड्यात होते. आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे गर्भधारणेला तेव्हा साधारण ५६ दिवस झालेले असतात. ४० दिवस उलटून गेले, आणि गर्भ आता गर्भाशयात आहे. टे-सॅक्ससाठी रब्बी एलिएझर वाल्डेनबर्ग यांनी सातव्या महिन्यापर्यंत गर्भपाताला मुभा दिली. रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी ठाम विरोध केला. दोघांचाही शब्द मानणारी घरं आहेत. तेव्हा ‘तपासणीत चूक निघाली तर काय’ हा प्रश्न पहिलं इंजेक्शन घेण्याआधी रब्बींपुढे ठेवा.