आमची तिघांची टीम आहे. स्प्रिंग बूट (जावात अॅप्स बनवायचं फ्रेमवर्क) २ वरून ३ वर जाताना शेकडो फाइलींमधला जुना कोड हाताने बदलावा की टूलने?

तुम्ही तिघंच आहात आणि फाइली शेकड्याने आहेत, तर टूलनेच करा. फक्त एडिटरमधलं फाइंड-रिप्लेस म्हणजे टूल असं समजू नका. मी तीच चूक केली होती.

नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कात काम करत होतो तेव्हाची गोष्ट. बूट ३ मध्ये 'जावाएक्स' नावाने सुरू होणारी बरीच पॅकेजेस (क्लासेसचे गट) 'जकार्ता' नावाची झालीत, म्हणून मी सगळीकडे 'जावाएक्स' काढून 'जकार्ता' टाकलं. बिल्ड लगेच फुटला, म्हणजे कोड कंपाइलच होईना. डेटाबेसशी जोडणारा डेटासोर्स ज्या जावाएक्स-एसक्यूएल पॅकेजात आहे, ते जेडीकेचं, म्हणजे जावाच्या मूळ संचाचं स्वतःचं. त्याचं नाव बदललेलंच नाही. ट्रान्झॅक्शनचं तर आणखी किचकट: मुख्य पॅकेज जकार्तात गेलं, त्याच्या पोटातलं एक्सए नावाचं पॅकेज मात्र जेडीकेत जुन्याच नावाने राहिलं. शेजारी बसणारा दादा स्क्रीन बघून म्हणाला, "अरे, तू नुसती अक्षरं बदलून राहिला. ते नाव कोणाचं आहे ते तर पाह्य!"

ओपनरीराइट हे कोड आपोआप बदलणारं टूल नेमकं हेच पाहतं. कोणता क्लास कुठल्या लायब्ररीतून आलाय हे ओळखून ते बदल करतं, आणि तुमच्या कमेंट्स, मोकळ्या ओळी जशाच्या तशा ठेवतं. त्यामुळे डिफ (काय काय बदललं त्याची यादी) सहज वाचता येतो, हे मला फार मोलाचं वाटतं. बूट ३ साठी त्यात तयार रेसिपी, म्हणजे बदलांचा ठरलेला संच आहे. आधी ड्राय-रन करून, म्हणजे फाइली न बदलता नुसतं चालवून, सुचवलेल्या बदलांचा पॅच नीट वाचा, मगच लावा. टूलचे बदल एका कमिटमध्ये (बदलांच्या एका नोंदीत) ठेवा, हाताचे दुसऱ्या. जावा १७ लागेलच, तेव्हा ते आधी उरका.

वॉर्निंग साफ करताना तारखांना मात्र जपा. जुन्या डेट क्लासची गेटमंथ मेथड जेडीके १.१ पासून डेप्रिकेटेड (वापरू नका असा शेरा असलेली) आहे आणि ती जानेवारीला ० म्हणते. तिच्या जागी येणारी, नव्या लोकलडेट क्लासची गेटमंथव्हॅल्यू १ म्हणते. नुसतं नाव बदललं तर कोड कंपाइल होतो, एरर येत नाही, आणि सगळे हिशोब एका महिन्याने सरकतात. अशा जागी आधी टेस्ट लिहा: एक जानेवारीची तारीख, एक डिसेंबरची.

आणि वेबसिक्युरिटीकॉन्फिगररअॅडॅप्टर हा सुरक्षेचे नियम लिहायचा जुना क्लास वापरत असाल तर तो बूट ३ सोबत येणाऱ्या स्प्रिंग सिक्युरिटी ६ मधून काढूनच टाकलाय. तो क्लास वापरणारी फाइल तिघांनी एकत्र बसून, ओळ न् ओळ वाचत बदला. कोणत्या पानाला लॉगिन लागतं आणि कोणत्या नाही, हे तिथेच ठरतं.