गिटारच्या पट्ट्याचं दुसरं बटण: हीलवर नेमकं कुठे?

तुम्ही लिहिलंय की नवीन कटअवे गिटारला (मानेजवळ बॉडी कापून खाच केलेली असते ती) खाली पट्टा अडकवायची एकच पिन, म्हणजे बटण, आहे, बँडमध्ये उभं राहून वाजवायचंय आणि दुकानदार म्हणतोय "आणा, दोन मिनिटांत स्क्रू मारून देतो". ते "दोन मिनिटांत" वाचलं आणि राहवलं नाही. मी लुथियर (गिटार बनवणारा, दुरुस्त करणारा) नाही, नुसता वाजवणारा आहे, त्यामुळे शेवटी हात लावायच्या आधी जाणकाराला दाखवाच.

माझ्या गिटारचं असंच झालं. दुकानातल्या माणसाने आधी बारीक भोक पाडलंच नाही, बॅटरीवाला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि स्क्रू थेट हीलमध्ये (मान बॉडीला मिळते तिथला मानेचा जाड भाग) घुसवला, तोही बॉडीच्या जोडाच्या अगदी काठाला. कट्ट आवाज आला. म्हणाला पॉलिशच तडकलंय, लाकडाला काही नाही. पण तारांचा ताण सतत असतोच ना, हळूहळू चीर लाकडाच्या रेषेत खाली उतरली. सर्व्हिस सेंटरला नेली तर म्हणे बटण बसवलंत म्हणजे मॉडिफिकेशन, वॉरंटी गेली. आणि ह्याच लोकांना मी आधी फोन करून विचारलेलं! तेव्हा "कुठल्याही म्युझिक शॉपमध्ये बसवून घ्या" असं सांगितलं होतं, पण लेखी काहीच नाही, त्यामुळे बोलणार काय. अजून राग येतो. शेवटी वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी चिरेत पातळ ग्लू सोडून रात्रभर क्लॅम्प लावला तेव्हा ती टिकली. म्हणून, वॉरंटी चालू असेल तर आधी ईमेलवर उत्तर मागा, फोनवर नको.

आता जागा. माझं मत ठाम आहे: हीलची बारीक तारेकडची बाजू, म्हणजे वाजवताना जी खाली येते ती. पट्टा हीलच्या मागून वळून येतो आणि गिटार अंगाला धरून राहते. हीलच्या टोपीवर, म्हणजे मागच्या सपाट भागावर लावलं की गिटार पुढे झुकते, मला तरी ते अजिबात आवडत नाही. पण तुमची कटअवे आहे, वरच्या फ्रेटवर जाताना बटण हाताला लागतंय का ते आधी त्या जागी मातीचा गोळा चिकटवून बघा. लागत असेल तर जाड तारेकडची बाजू घ्या, थोडं झुकणं सोसा. बॉडीच्या कडेला मात्र नकोच, तिथलं लाकूड दोन-अडीच मिलिमीटरचं असतं, ते स्क्रू धरणार नाही.

जोडापासून साधारण १२ मिलिमीटर लांब, हील जिथे जाड आहे तिथे, आणि फिंगरबोर्डपासून खाली, कारण वरच्या भागात ट्रस रॉड (मान सरळ ठेवणारी धातूची कांब) असतो. मान बोल्टने जोडलेली असेल तर हीलच्या आत धातूचे इन्सर्ट (बोल्ट ज्यात फिरतात ते आटे) असतात, साउंडहोलमधून आरसा आणि मोबाइलचा टॉर्च घालून ब्लॉकवर (मान जिथे जोडतात तो आतला लाकडी ठोकळा) बोल्टची डोकी कुठे आहेत ते बघा आणि त्या रेषेत भोक पाडू नका.

नेहमीचा सहा नंबरचा स्क्रू असेल तर महोगनीला २.५ मिलिमीटरचं भोक, मेपलसारखं कडक लाकूड असेल तर ३. ड्रिल बिटवर टेप लावून खोली ठरवा, भोकाच्या तोंडाशी पॉलिश किंचित खरवडा म्हणजे टवका उडत नाही, स्क्रूला साबण किंवा मेण चोळा आणि हाताने फिरवा. जड जायला लागला की बाहेर काढून भोक थोडं मोठं करा, जोर लावू नका. बटणाखाली फेल्टचा वॉशर घालाच.

बटण न लावता पट्टा हेडस्टॉकला (तारा पिळायच्या खुंट्या असतात ते टोक) नाडीने बांधूनही चालतं, त्यात काही कमीपणा नाही, फक्त डावा हात नटजवळ (मानेच्या टोकाची तारा टेकतात ती पट्टी) अडकल्यासारखा होतो. आणि पॉलिश नायट्रो (नायट्रोसेल्युलोज लॅकर) असेल तर रबर किंवा व्हिनाइलचा पट्टा गिटारवर तसाच टेकवून ठेवू नका, डाग पडतो आणि तो निघत नाही.

हीलचा बाजूने आणि आतल्या ब्लॉकचा फोटो टाका, मग जागा बघून सांगतो. तोवर त्या दुकानात गिटार ठेवू नका.