तुर्कीतले दोन 'तर' : गेल्से आणि गेलिर्से

प्रश्न असा आहे : तुर्की शिकताना 'गेल्से' आणि 'गेलिर्से' या दोन्हींचा अर्थ 'तो आला तर' असाच सांगतात, मग दोन रूपं कशाला? प्रश्न नेमका आहे, कारण दोन्हींतला 'से' दिसायला एक असला तरी व्याकरणात एक नाही.

'गेलिर्से' म्हणजे 'गेलिर' (येतो) अधिक 'इसे'. हा 'इसे' आपल्या 'असेल तर'सारखा, काळ लागून तयार झालेल्या रूपाला येऊन चिकटतो. म्हणून 'गेलियोर्सा' म्हणजे येत असेल तर, 'गेल्दिय्से' म्हणजे आला असेल तर, 'गेलेजेक्से' म्हणजे येणार असेल तर. नामा-विशेषणांनाही तो लागतो : 'हास्तायसा', आजारी असेल तर. (आधीच्या स्वराप्रमाणे 'से'चा 'सा' होतो, ती स्वरसंगती.)

'गेल्से'मध्ये 'से' थेट 'गेल' या धातूला लागलाय. काळ नाहीच, आहे ती कल्पना किंवा इच्छा. मला हा 'से' आपल्या विध्यर्थाच्या जवळचा वाटतो. 'ने यापसाम?' म्हणजे 'काय करावं बरं मी?' आणि 'गित्सेक मि?' म्हणजे 'जावं का आपण?' इथे 'तर' घालून पाहा, अर्थ लागतच नाही. उच्चारही साक्ष देतो : 'गेल्से'त जोर 'से'वर पडतो, 'गेलिर्से'त तो 'लिर'वर राहतो.

वाक्यात फरक असा दिसतो. 'पारम वार्सा गिदेरिम' ('वार' म्हणजे 'आहे', त्याला 'इसे') : पैसे असतील तर जाईन, असतीलही कदाचित. 'पारम ओल्सा गिदेर्दिम' ('ओल' म्हणजे 'अस' हा धातू, त्याला थेट 'सा') : पैसे असते तर गेलो असतो; आत्ता नाहीत. आणि तेव्हा नव्हते म्हणायचं तर 'पारम ओल्सायदि गिदेर्दिम'. या शेवटच्या दोन्हींना मराठीत आपण एकच 'असते तर' वापरतो, त्यामुळे मराठी माणूस अडखळतो तो बहुतेक इथेच.

वाक्याच्या आरंभी कधी 'एयेर' येतो. तो फारसीतला 'अगर'. आपल्या 'जर'सारखा तो गाळला तरी चालतं. अट प्रत्ययातच आहे.

नकारातही हीच खूण शोधा. 'गेल्मेसे'त 'से'च्या आधी नुसता नकारार्थी धातू आहे, 'गेल्मेझ्से'त मात्र 'गेल्मेझ' (येत नाही) हे पूर्ण क्रियापद. 'गेल्मेझ्से बेन गिदेरिम' : तो आला नाही तर मी जाईन.